क्रूझवर वाचायचंय? पुस्तकं घरीच डाउनलोड करा

क्रूझवर इंटरनेटला बहुतेकदा वेगळे पैसे पडतात, आणि भर समुद्रात ते रखडतंही. जहाजावरच्या वाचनालयाचा भरवसा नको. पुष्कळदा ती दोन-चार कपाटंच असतात.

१. निघण्याआधी ई-पुस्तकं फोनमध्ये डाउनलोड करा.
२. फोन एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक पुस्तक उघडा, मधली पानं चाळा. नुसतं मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक आलं असं नव्हे! ही पायरी लोक हमखास गाळतात.
३. एखादं छापील पुस्तकही घ्या. डेकवरच्या उन्हात फोनचा स्क्रीन धड दिसत नाही.

जहाजावर एअरप्लेन मोड चालूच ठेवा. नाहीतर फोन जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो. ते महागडं रोमिंग नेहमीच्या पॅकमध्ये सहसा बसत नाही.