एकाच वायरने करंट आणि नेट: पीओई कॅमेरे बसवताना

गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पॉइंट काढू नका. लॅनच्या ज्या वायरने चित्र येतं, त्याच वायरने करंट पाठवता येतो. यालाच पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतात. आपल्या नागपुरात त्याचा मोठा फायदा असा, की ऐन मे महिन्यात लाइन गेली तरी खाली स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या लॅन वायरी जिथे जोडतात तो डबा) आणि रेकॉर्डरला यूपीएस असला की सगळे कॅमेरे चालू राहतात.

स्विच घेताना नुसते पोर्ट मोजू नका, एकूण वॅट विचारा. पीओईच्या मानकांपैकी २००३ च्या ‘एएफ’ प्रकारात एका पोर्टला १५.४ वॅट, २००९ च्या ‘एटी’त ३० आणि २०१८ च्या ‘बीटी’त ९० पर्यंत. पण आठ पोर्टच्या स्विचची एकूण ताकद ६० वॅट असेल, तर आठही पोर्टना पूर्ण १५.४ मिळणार नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याच्या लेबलवरचे वॅट मांडून बेरीज करा आणि वर थोडी जागा ठेवा.

आता वायर. माझा सगळा जीव इथे अडकतो, कारण ग्राहक पैसे इथेच वाचवतात. एएफमध्ये स्विचकडून १५.४ वॅट निघतात, पण १०० मीटरवरच्या कॅमेऱ्याला १२.९५ चीच हमी असते. बाकीचे वायरमध्येच जिरतात, असा हिशोब धरलेला आहे. तोही अस्सल तांब्याचा. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात वायर घेताना ‘सीसीए’ म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे का, ते दुकानातच बघा. एक तार सोला आणि ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर परत द्या, कारण तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. त्यात आपलं ऊन: तापमान एक अंश वाढलं की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे स्लॅबवरच्या पाइपात वायर २० वरून ६० अंशांवर गेली, तर १६ टक्के वाढ. म्हणून पाइप शक्यतो सावलीच्या भिंतीने उतरवा.

कॅमेरा दिवसा ठणठणीत आणि रात्री आयआर (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागताच रीस्टार्ट होत असेल, तर कॅमेरा बदलायच्या आधी वायर तपासा. अंधारात त्याला जास्त वॅट लागतात आणि कमजोर वायर तिथेच मान टाकते.

क्रिम्पिंगला, म्हणजे वायरच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, आठही तारा या क्रमाने घ्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण चारच तारांवर भागवतात, चित्रही येतं. पण उरलेल्या चार तारांवरून करंट देणारा स्विच लावला की कॅमेरा उठतच नाही.

या स्विचला चुकून प्रिंटर जोडला तरी भीती नाही. स्विच आधी थोडासा व्होल्टेज देऊन समोर पीओई उपकरणाची २५ किलो-ओहम रोधाची खूण आहे का बघतो आणि मगच ४८ व्होल्टच्या आसपास सोडतो. २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर (लॅनच्या वायरीत करंट सोडणारे साधे डबे) मात्र काहीच न विचारता करंट देतात, त्यांना जपून.

बाहेरच्या जोडावर रबरी टोपी हवीच, आणि वायरला खाली झोळ द्या. जोडात पावसाचं पाणी गेलं की करंट चालू असलेल्या पिना हिरव्या पडून झिजतात.

काम संपल्यावर सगळ्या कॅमेऱ्यांच्या तोंडावर काळं कापड बांधा, आयआर लागू द्या आणि अर्धा तास सगळ्यात लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत बसा. एकदाही तुटलं नाही, तर शिडी आवरा.