व्हर्जिनियातलं वसाहतकालीन घराणं: मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त

असं घराणं शोधताना आधी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, पक्की करा. काउंट्या फुटत गेल्या, त्यामुळे कुटुंब जागेवरून हललं नसलं तरी त्याच्या नोंदी दुसऱ्या दप्तरात गेलेल्या असतात. मृत्युपत्रात नाव नाही म्हणून मुलगाच नव्हता असं धरू नका. थोरल्याला जमीन बऱ्याचदा बापाच्या हयातीतच मिळे. मृत्युपत्र नसेल, तर थोरल्याचा हा हक्क रद्द करणारा १७८५चा कायदा १७८७त लागू होईपर्यंत ती त्यालाच जाई. म्हणून खरेदीखतं चाळा. खरेदीची नोंदच नसलेली जमीन कुणी विकली, तर ती बहुधा वारशाची. विक्रीत बायकोनं नवऱ्याच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याची नोंद शोधा. तिचं नाव मिळतं, माहेरचं आडनाव क्वचितच. साक्षीदार, शेजारीही उतरवून घ्या; सोयरे बरेचदा त्यांतच असतात. १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून दस्तातला फेब्रुवारी १७२० म्हणजे आपला १७२१.