वेगवान गाडी नेमकी कुठे बिघडते? पोर्शे 911 च्या निमित्ताने, या चुका टाळा

सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपी? दुसरा: शून्य ते शंभर किती सेकंदांत? प्रश्न रास्त आहेत, पण गाडी आधीच्या मालकाने कशी वापरली आणि तुमच्याकडे ती किती टिकेल, याचं उत्तर त्यांत सापडत नाही. ते तापमानात सापडतं. इंजिन ऑइल, टायर, ब्रेक, क्लच हे सगळं ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच नीट काम करतं. पट्ट्याच्या खाली असताना जोर लावला तरी नुकसान आणि पट्ट्याच्या वर गेलं तरी नुकसान. अशा गाड्यांच्या बहुतेक तक्रारी खणत गेलं की मूळ इथेच लागतं.

उदाहरणाला पोर्शे 911 घेतो. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती 901 म्हणून आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि तिची 911 झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. या रचनेने तिला गुण दिले तशा खोडीही दिल्या. खोडी समजून घेतल्या नाहीत की खर्च वाढत जातो.

फक्त एचपी बघून गाडी ठरवणं

वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणून बाकी काही न बदलता इंजिनाची ताकद दुप्पट केली, तरी कमाल वेग जेमतेम 26 टक्क्यांनी वाढतो. 1998 मध्ये मॅक्लारेन एफ1 ने 386 किमीचा वेग गाठला तेव्हा तिच्याकडे 627 एचपी होते आणि वजन होतं 1,138 किलो. 2005 मध्ये बुगाटी वेरॉनने 407 गाठला, त्यासाठी 1,001 एचपी, चार टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) आणि तब्बल दहा रेडिएटर लागले. वेगातला फरक 21 किमीचा आणि वजन मात्र साडेसातशे किलोंनी जास्त. ते वजन प्रत्येक वळणावर टायरला आणि प्रत्येक थांब्यावर ब्रेकला सोसावं लागतं. त्यामुळे दोन गाड्यांतून निवडायची वेळ आली तर एचपीच्या शेजारी वजनाचा आकडाही लिहा. रस्त्यावर रोज जाणवतो तो हाच.

थंड इंजिनाला रेस देणं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेल्फ मारला की लगेच दोन-तीनदा रेस देऊन आवाज ऐकवायचा, ही सवय फार महागात पडते. थंड ऑइल जाड असतं. ते पंपाने फिरतं खरं, पण बेअरिंग आणि पिस्टन यांच्यातल्या फटी अजून कामाच्या मापावर आलेल्या नसतात. टर्बो असेल तर त्याच्या दांड्यालाही ऑइलचाच आधार असतो.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, काटा मधोमध आला की लोक इंजिन तापलं असं धरतात. कूलंट लवकर तापतं, ऑइलला कितीतरी जास्त वेळ लागतो. बहुतेक 911 मध्ये ऑइलच्या तापमानाचा काटा वेगळा असतो. तो 80 अंशांच्या आसपास येईपर्यंत कमाल आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांच्या) निम्म्यावर जाऊ नका. जागेवर उभं राहून गाडी तापवण्यातही अर्थ नाही, हलक्या पायाने चालवत तापवा. बीएमडब्ल्यूने आपल्या ई46 एम3 या गाडीच्या आरपीएम मीटरभोवती दिवेच बसवले होते. ऑइल तापत जाईल तशी वापरायची मर्यादा वर सरकत जायची. माझ्या मते असा दिवा प्रत्येक वेगवान गाडीत असायला हवा.

जोरात चालवून आल्यावरही तेच, उलट्या क्रमाने. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा आणि मगच इंजिन बंद करा.

ट्रॅफिकमध्ये तापतो तो क्लच. ड्युअल क्लच गिअरबॉक्सची गाडी चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरच्या टोकावर धरून ठेवली, तर क्लच सतत घासत राहतो. घाटात रांग लागली की ब्रेक दाबा, पुढे पुरेशी जागा झाली की एकदम सुटा.

टायर: नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, हा समज

सगळ्यात मोठी चूक ही. आपल्याकडे स्पोर्ट्स कार वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरते. सहा-सात वर्षांनीही टायरवरची नक्षी नव्यासारखी दिसते. पण रबर दरम्यान कडक झालेलं असतं आणि कडक रबर रस्ता धरत नाही. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायरचे आकडे बघा, कारण आकडे कधीकधी फक्त आतल्या बाजूला असतात आणि तिथे वाकून कुणी बघत नाही. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर गाडीच्या किमतीतून चार टायरची किंमत वजा करूनच बोलणी करा.

30 नोव्हेंबर 2013 ला कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला. तो शेजारच्या सीटवर होता. तपासात वेग हे कारण ठरलं, आणि गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते हेही नोंदवलं गेलं. 612 एचपीची, स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स) अजिबात नसलेली गाडी आणि नऊ वर्षांचं रबर. या माहितीनंतर जुने टायर घालून गाडी पळवणाऱ्याला काय म्हणावं, मला सुचत नाही.

दुसरी चूक हवेची. पेट्रोल पंपावरचा माणूस चारही चाकांत एकच आकडा भरतो. 911 चं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे असतं, म्हणून मागच्या टायरमध्ये हवा बरीच जास्त लागते. नेमका आकडा दाराच्या कडेला चिकटवलेल्या तक्त्यावर असतो. तो थंड टायरचा असतो. गाडी चालवून आल्यावर हवा जास्त दिसते म्हणून ती काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा झालेला असतो. तापमानात दहा अंशांचा फरक पडला की हवेच्या दाबात साधारण दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिसरी: मागच्या टायरची आतली कड. 911 ची मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात. वळणावर पकड मिळावी म्हणून ती तशीच ठेवलेली असतात, पण त्यामुळे आतली कड आधी झिजते. बाहेरून बघितलं तर टायर उत्तम. गाडी लिफ्टवर घेऊन मागून बघितलं तर कधीकधी आत तारा दिसायला लागलेल्या असतात. लिफ्ट नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा.

टायर बदलताना बाजूला एन0, एन1 अशी खूण आहे का बघा. पोर्शेने त्या गाडीसाठी तपासलेल्या टायरवर ती असते. पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा, असली भेळ या गाडीला चालत नाही.

पाऊस हा आपल्याकडचा खरा शत्रू. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. त्यात 911 चं नाक हलकं, आणि ट्रॅकसाठीचे कप 2 सारखे उथळ नक्षीचे टायर असतील तर जुलैत एक्सप्रेस वेवर 100 च्या मर्यादेतही गाडी स्टिअरिंग ऐकेनाशी होते. पावसाळ्याचे चार महिने असे टायर काढून ठेवा.

ब्रेक: लक्षण ओळखायला शिका

1,500 किलोची गाडी 200 च्या वेगावरून थांबवताना ब्रेकमध्ये इतकी ऊर्जा शिरते, की सात लिटर साधं पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. 100 वरून थांबवताना हीच ऊर्जा चौथाई असते. म्हणूनच शहरात छान चालणारे ब्रेक ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत दगा देतात.

दगा दोन प्रकारचा असतो. पेडल मऊ पडलं, खाली खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय खाली जातो. पेडल नेहमीसारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झाले आहेत. दोन्हीवर तातडीचा उपाय एकच, वेग कमी करून एक-दोन फेऱ्या ब्रेकला हात न लावता सावकाश काढा. कायमचा उपाय मात्र वेगळा. पहिल्यात ऑइल बदला, दुसऱ्यात पॅड.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, गाडी पाचशे किलोमीटर चालली असली तरी.

ट्रॅकवरून आल्यावर तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं की गॅरेजवाला डिस्क वाकडी झाली असं म्हणतो. पुष्कळदा डिस्क सरळच असते, तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर एका जागी चिकटलेला असतो. नवे पॅड नीट बसवून, ठरावीक पद्धतीने तापवून-थंड करून घेतले तर हे होत नाही.

पिवळे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) असतील तर डिस्क सिरॅमिकच्या आहेत. पोर्शेने त्या 2001 मध्ये 911 च्या जीटी2 या प्रकारावर आणल्या. वजन लोखंडी डिस्कच्या निम्म्याच्या आसपास, पण कड ठिसूळ. चाक काढताना रिम डिस्कच्या कडेवर आदळलं की टवका उडतो आणि नवी डिस्क लाखांत जाते. टायरवाल्याकडे लांब गाइड पिन नसेल तर चाक काढूच देऊ नका.

वळणात घाबरून पाय काढणं

वळणात वेग जास्त झाला असं वाटलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो. पुढच्या इंजिनाच्या गाडीत बहुधा त्याने काही बिघडत नाही. 911 मध्ये पाय काढताच वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात आणि मागे टांगलेलं इंजिन गाडीची शेपटी बाहेर फेकतं. पोर्शेला हे पहिल्यापासून माहीत होतं. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ओतीव लोखंडाची वजनं घातली होती. 1969 च्या मॉडेलपासून दोन चाकांमधलं अंतर 57 मिमीने वाढवलं. तरीही 1975 ची 260 एचपीची 911 टर्बो अवघडच राहिली, कारण टर्बोचा जोर उशिरा यायचा आणि नेमका वळणाच्या मधे यायचा.

आजच्या 911 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स बरंच सांभाळून घेतं. म्हणून ते बंद करायचं बटण रस्त्यावर दाबू नका. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत संपवा, वळणात पाय हलका पण स्थिर ठेवा, बाहेर पडताना दाबा. हे शिकायला कोईंबतूरचा करी किंवा चेन्नईजवळचा मद्रास ट्रॅक आहे, प्रशिक्षकही मिळतात. ताम्हिणी घाट ही त्याची जागा नाही.

दिसायला छान म्हणून विंग लावणं, किंवा काढणं

1998 ची पहिली ऑडी टीटी मागून गोल, गुळगुळीत आणि विंगशिवाय होती. जर्मनीच्या ऑटोबानवर मोठ्या वेगात ती मागून हलकी पडत असल्याचं अपघातांनंतर पुढे आलं. ऑडीने मागे छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल दिलं आणि विकलेल्या गाड्यांनाही हे बदल देऊ केले. इतक्याशा पट्टीने फरक पडतो. आता बाजारातून मोठी फायबरची विंग आणून फक्त मागे लावली तर काय होईल याचा अंदाज करा. मागची बाजू दाबली जाते, पुढचं नाक आणखी हलकं होतं. पुढचा आणि मागचा दाब कंपनीने एकमेकांशी जुळवलेला असतो, त्यातला एक तुकडा बदलू नका.

उभी राहिलेली गाडी

बॅटरी उतरते, त्याला मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवणं हाच उपाय. 911 ची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि अनेक मॉडेलमध्ये डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. 911 च्या 997 या पिढीसारख्या मॉडेलमध्ये पायापाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधून एक धन टोक बाहेर ओढता येतं. तिथून वीज दिली की डिकी उघडते. मॅन्युअलमधलं ते पान आजच वाचून ठेवा.

बरेच दिवसांनी सेल्फ मारल्यावर निळसर धुराचा एक लोट आला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे असल्याने थोडं ऑइल आत झिरपतं. धूर मिनिटाभरात थांबला नाही तर मात्र गाडी दाखवा.

1998 नंतरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या 911 चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांपुढे असतात. त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. बंपरच्या तोंडातून वाळकी पानं आत जातात, पावसात कुजतात आणि त्या लगद्याने कंडेन्सर सडतो. एसी गार करेना किंवा ट्रॅफिकमध्ये तापमान चढायला लागलं तर गॅस भरण्याआधी टॉर्च घेऊन तिथे बघा.

घेण्याआधीचं शेवटचं तपासणं

1997 ते 2008 दरम्यानच्या साध्या 911 (करेरा) आणि पोर्शेच्याच बॉक्स्टर या गाडीच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात, ते निकामी झालं तर बहुधा पूर्ण इंजिन जातं. त्याच काळातल्या 911 टर्बो आणि 911 जीटी3 मध्ये वेगळं इंजिन आहे, त्यांना हा त्रास नाही. 2009 च्या मॉडेलपासून करेराचं इंजिनही बदललं आणि तो शाफ्टच राहिला नाही. जुनी घेत असाल तर तुमच्या खर्चाने ऑइल बदलायला लावा, जुना फिल्टर मागून घ्या आणि समोर कापून उलगडा. घड्यांत लोखंडाचा चमकता कीस किंवा काळ्या प्लास्टिकचे कण दिसले तर गाडी तिथेच सोडा, भाव कितीही उतरवून मिळत असला तरी.