मोठा कुत्रा दत्तक घेतलाय? आधी नाव पक्कं करा
वयाने मोठा कुत्रा घरी आणला की लगेच 'सिट', 'शेक हँड' सुरू करू नका, पहिले काही दिवस फक्त नाव शिकवा, म्हणजे नाव घ्यायचं आणि त्याने मान वळवली रे वळवली की एक-दोन सेकंदात नखाएवढा खाऊ तोंडात. एका वेळी 3-5 मिनिटं बास. आणि ओरडताना नाव अजिबात घ्यायचं नाही, नाहीतर नाव ऐकलं की स्वारी सोफ्याखाली. आमचा म्हातारा 'बस' म्हटलं तरी नुसता बघत उभा राहायचा, आम्हाला वाटलं हट्टी आहे, निघाली सांधेदुखी! तेव्हा बसायला कां-कू करत असेल तर आधी व्हेटला दाखवा. ऐकू कमी येत असेल तर हाताच्या खुणा वापरा, त्या कुत्रे तसंही पटकन पकडतात.