मोठ्या प्रथिन-संकुलांची रचना अनेक तंत्रांनी अभ्यासताना या चुका टाळा

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन-चित्रांतून) मिळालेला घनता-नकाशा, म्हणजे संकुलाचा त्रिमितीय आकार, आणि क्ष-किरण स्फटिकशास्त्राने ठरवलेल्या सुट्या उपघटकांच्या रचना यांचा मेळ घालताना पहिली गफलत बहुधा मोजमापाची होते. विशालनात, म्हणजे चित्र किती पट मोठे झाले त्यात, दोन टक्क्यांची चूक असली, तरी 500 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) लांबीच्या संकुलात ती 10 अँगस्ट्रॉमपर्यंत जाते. एक टोक नकाशात चपखल बसते आणि दुसरे बाहेर डोकावते. अशा वेळी मॉडेल वाकवून जुळवून घेण्याचा मोह होतो, पण तसे केले की मूळ चूक झाकली जाते आणि प्रथिनाची नैसर्गिक हालचाल सापडल्याचा भास होतो. म्हणून उपघटकाची ज्ञात रचना न वाकवता, पिक्सेलचा आकार (म्हणजेच गृहीत धरलेले विशालन) थोडा थोडा बदलत नकाशात बसवून पाहावी आणि सर्वोत्तम जुळणी कोणत्या आकाराला येते ते आधी ठरवावे.

नकाशा मूळ रचनेचे आरशातले प्रतिबिंब तर नाही ना, हेही तपासावे लागते. 10 अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या नकाशात हेलिक्सचा (प्रथिन-साखळीच्या मळसूत्री भागाचा) पीळ दिसत नाही, त्यामुळे केवळ नजरेने निर्णय होत नाही. एकाच कणाची तिरपी व सरळ अशी जोडचित्रे घेऊन पडताळणी करावी.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षितही: निरनिराळ्या तंत्रांनी पाहिलेले नमुने एकाच अवस्थेत होते असे गृहीत धरणे. पेशीकेंद्रकाच्या आवरणातले दार असलेले केंद्रकरंध्र-संकुल हे याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे 30 प्रकारच्या प्रथिनांच्या अनेक प्रतींनी बनलेल्या या अष्टकोनी सममितीच्या संकुलाचा मधला मार्ग, वेगळ्या काढलेल्या केंद्रक-आवरणात दिसतो त्यापेक्षा पेशीतच केलेल्या टोमोग्राफीत (अनेक कोनांतल्या चित्रांवरून उभ्या केलेल्या त्रिमितीय प्रतिमेत) बराच रुंद आढळला. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी बरोबर आहेत; त्यांची सरासरी काढून केलेले मॉडेल मात्र कुठल्याच अवस्थेचे नसते.

जवळजवळ असलेले प्रथिनांचे भाग एकमेकांना बांधणाऱ्या रासायनिक जोडबंधांच्या माहितीबाबतही असेच घडते. डीएसएससारख्या जोडकाने (दोन टोकांनी चिकटणाऱ्या रसायनाने) बांधलेल्या दोन लायसिनांच्या (या अमिनो आम्लांच्या) अल्फा-कार्बनांमधले, म्हणजे प्रथिन-साखळीच्या कण्यातल्या कार्बनांमधले, अंतर सामान्यतः 30 अँगस्ट्रॉमच्या आत अपेक्षित असते. एखादा जोडबंध मॉडेलमध्ये 50 अँगस्ट्रॉम भरला, तर तो लगेच काढून टाकू नये. सममित संकुलात तो शेजारच्या प्रतीशी झालेला असू शकतो, म्हणून सर्व प्रतींमधील अंतरे मोजावीत. तरीही तो बसला नाही, तर संकुलाची दुसरी अवस्था मिश्रणात आहे का ते प्रतिमांच्या वर्गीकरणातून शोधावे.

मॉडेल रचण्यासाठी वापरलेली माहितीच त्याचा पुरावा म्हणून पुढे करणे टाळावे. काही जोडबंध किंवा लघुकोनी क्ष-किरण विकिरणाचा (द्रावणातल्या प्रथिनावरून लहान कोनांत विखुरलेल्या क्ष-किरणांचा) आलेख सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा, मॉडेल पूर्ण झाल्यावरच त्याच्याशी ताडून पाहावे, आणि विसंगती आढळल्यास तिच्यासह निष्कर्ष मांडावा.