सिमोन वेय यांच्यावर लिहिताना या चुका टाळा

फ्रेंच राजकारणी सिमोन वेय यांच्याबद्दल मराठीत मोजकंच लिहिलं जातं. म्हणूनच त्यात एखादी चूक शिरली की ती एका लेखातून दुसऱ्यात उतरत राहते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी गफलत नावाची. याच नावाच्या एक तत्त्वचिंतक होत्या. त्यांचा जन्म १९०९चा आणि त्या १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये वारल्या. आपण म्हणतोय त्या सिमोन १३ जुलै १९२७ रोजी नीस शहरात जन्मल्या. रोमन लिपीत दोघींच्या आडनावाचं पहिलं अक्षर तरी वेगळं असतं, देवनागरीत तेवढाही फरक उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच जन्मसाल द्या आणि फोटो दोनदा तपासा. शिवाय वेय हे सासरचं आडनाव आहे. मार्च १९४४ मध्ये ज्यू म्हणून नाझींच्या हाती सापडली ती सोळा वर्षांची सिमोन जाकोब.

'सगळं कुटुंब आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारलं गेलं' असंही सर्रास लिहितात. तसं झालं नाही. सिमोन, आई आणि बहीण मादलेन आउश्वित्झला गेल्या. आई पुढे बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत टायफसने गेली. वडील आणि भाऊ यांना बाल्टिक प्रदेशाकडे नेलं, ते परतले नाहीत. दुसरी बहीण, नाझीविरोधी प्रतिकार चळवळीतली दनीज, रावेन्सब्रुकच्या छावणीत पाठवली गेली, पण जिवंत परतली. या माणसांना एका वाक्यात कोंबू नका.

गर्भपाताला परवानगी देणाऱ्या त्यांच्या कायद्याबाबत तर तारखांचा गोंधळ ठरलेला. आरोग्यमंत्री म्हणून त्यांचं संसदेतलं भाषण २६ नोव्हेंबर १९७४चं, तर कायदा लागू झाला १७ जानेवारी १९७५ला. तोही आधी पाच वर्षांपुरता. कायमचा झाला १९७९ अखेरीस. २८४ विरुद्ध १८९ मतांनी तो मंजूर झाला, पण सरकार उजव्यांचं म्हणून मतंही उजव्यांचीच असं समजू नका. विरोधी बाकांवरच्या डाव्यांनी साथ दिली म्हणून तो तरला. सभागृहात चेहरा हातांत झाकून बसलेल्या त्यांच्या फोटोखाली 'रडताना' असं लिहू नका. तो थकवा होता, रडणं नव्हे, असं त्यांनीच नंतर सांगितलं. आणि 'फ्रान्सने भारताच्या आधी असा कायदा केला' हे तर साफ चूक: आपला कायदा १९७१चा, आणि त्यामागच्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा.

'फ्रान्सच्या पहिल्या महिला मंत्री' हेही खोडा. १९४७ मध्येच जर्मेन प्वॅंसो-शाप्युई यांच्याकडे आरोग्य खातं होतं. युरोपीय संसदेच्याही त्या पहिल्या अध्यक्ष नव्हेत. १९७९ साली थेट मतदानाने निवडून आलेल्या संसदेच्या पहिल्या अध्यक्ष, आणि त्या पदावरच्या पहिल्या महिला, एवढं नेमकं लिहा.

फ्रेंच अकादमी या फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेच्या सदस्य म्हणून मिळालेल्या तलवारीवर त्यांनी छावणीतला क्रमांक कोरून घेतला होता. तो ७८६५१. टाइप करताना एकही अंक चुकू देऊ नका.