पीक सरकतोय? कॉलम काढण्याआधी बाटली बघा

एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र) सोमवारी साडेसात मिनिटांवर आलेला पीक, म्हणजे आलेखावरचा घटकाचा उंचवटा, बुधवारी साडेसहावर, शुक्रवारी आठवर. मेथड तीच, सी१८ कॉलम (तेलकट थर दिलेल्या कणांनी भरलेली नळी) तोच, फ्लो मिनिटाला १ मिलि. बेंझोइक ॲसिडचं साधंसं ॲनालिसिस, आणि मी त्यात तीन आठवडे अडकलो होतो. कॉलम बदलला, चेक व्हॉल्व्ह साफ केले, सिलिंडर आणि स्टॉपवॉच घेऊन पंपाचा फ्लो मोजला. सगळं ठीक. पीक फिरतोच आहे.

घोळ मोबाइल फेजच्या, म्हणजे नमुना कॉलममधून वाहून नेणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत होता. फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ४.२. बेंझोइक ॲसिडचा पीकेए? तोही ४.२. परीक्षेत लिहिलं होतं हो मी हे! बाटलीसमोर उभा असताना आठवलं नाही.

इथे जरा लांबण लावतो, कारण हेच मला भोवलं. पीएच पीकेएइतका असला की निम्मे रेणू आयन झालेले असतात, निम्मे उदासीन. उदासीन रेणू सी१८ला धरून बसतात, आयन भराभर निघून जातात. ४.२चं ४.३ झालं की आयन ५० टक्क्यांवरून ५६वर, आणि पीक लवकर येतो. घाईत कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर ०.१चा फरक सहज पडतो. त्यात फॉस्फेटचे पीकेए २.१ आणि ७.२. बफर आपल्या पीकेएच्या साधारण एक युनिट अलीकडे-पलीकडे काम करतो, म्हणजे ४.२ला तो नावापुरताच बफर. ॲसिडचा थेंब जास्त पडला की पीएच घसरला. आणि वर कहर म्हणजे मी ॲसिटोनायट्राइल (मोबाइल फेजमधलं ऑरगॅनिक द्रावक) मिसळून मग पीएच लावायचो, माझा सहकारी मिसळण्याआधी. ऑरगॅनिक पडलं की मीटर वेगळंच काही दाखवतो. त्यामुळे ज्याची बाटली, त्याचा रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक येण्याची वेळ!

पीएच २.५वर नेला. तिथे जेमतेम २ टक्के आयन उरतात आणि फॉस्फेटही खरोखर बफर असतो. पीक फार उशिरा येऊ लागला, म्हणून ॲसिटोनायट्राइल वाढवलं. मग तो जागचा हलला नाही. व्हॅलिडेटेड (रीतसर तपासून मंजूर झालेल्या) मेथडमध्ये मात्र असले बदल परस्पर करू नका. मलाही सगळं कागदावर मांडून पुन्हा व्हॅलिडेशन करावं लागलं.

फ्लो किंचित वाढवून पीक ठरलेल्या वेळेच्या विंडोत बसवणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकलंत तर पुढच्या आठवड्यात तेच दुखणं दुप्पट होऊन परत येईल. आणि तुमच्या हातातला पाना घेऊन स्वतः फेरूल (नळीच्या जोडातली कडी) आवळून देणारा सीनियर प्रेमळ वाटतो, पण त्याच्या हाताखाली तुम्ही काही शिकत नाही, हे माझं ठाम मत. माझ्या सीनियरने फक्त विचारलं होतं, "मोबाइल फेज कोणी बनवली?" तेव्हा भयंकर राग आला होता.

बाकी फिल्टर करणं, डिगॅस करणं (विरघळलेली हवा काढणं) तुम्हाला माहीत आहेच. एकच सांगतो, बफरवरून थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइलवर जाऊ नका. क्षार बाहेर पडतात, प्रेशर चढतं. आधी ९०:१० पाणी-मिथेनॉलने धुवा. मी एक कॉलम असाच घालवलाय, तरी नोकरी टिकली. पीक सरकला म्हणून रात्रीची झोप घालवू नका.

आता माझ्या प्रत्येक बाटलीवर तारखेशेजारी दोन गोष्टी असतात: ऑरगॅनिक मिसळण्याआधीचा पीएच, आणि तो कोणी मापला त्याची सही.